पॅरिसमधून लुटलेलं घर: कागद कुठे शोधायचे आणि भरपाई कशी ठरते

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळच्या पनवेलकडच्या बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, आता इस्रायलमध्ये अश्दोदला. सासूबाई पॅरिसला जन्मल्या, त्यांचे आईवडील पोलंडहून आलेले शिंपी, ११व्या वॉर्डात भाड्याच्या दोन खोल्या आणि त्यातच शिवणकाम. जुलै १९४२ मध्ये, फ्रान्स नाझी जर्मनीच्या ताब्यात असताना, दोघांना ज्यू म्हणून पकडून नेलं ते परत आलेच नाहीत, सासूबाईंना आधीच खेड्यात एका शेतकऱ्याकडे ठेवलं होतं म्हणून त्या वाचल्या. घरात होतं नव्हतं ते सगळं गेलं आणि आज हातात एक फोटो सोडून काही नाही. तुमचं म्हणणं, ८० वर्षांनी काय सापडणार, सापडलं तरी पैसे कोण देणार, आणि शेवटी लिहिलंय की आमच्याकडे कुठे मोठी पेंटिंग्ज होती.

मी बरीच वर्षं फ्रान्समधल्या अशा क्लेमसाठी अर्काइव्हमध्ये कागद शोधायचं काम करतो, आणि तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करतो कारण बहुतेक घरं तिथेच थांबतात. पेपरात येतात ती क्लिम्ट आणि शागालची चित्रं, त्यामुळे लोकांना वाटतं की हा सगळा प्रकार श्रीमंतांचा. पण पॅरिसमधली लूट मुख्यतः शिलाई मशीन, पलंग, गाद्या, भांडी, दुकानातलं कापड यांचीच होती. फ्रान्समध्ये सुमारे ५० हजार ज्यू दुकानं, कारखाने, इमारती ताब्यात घेतल्या, ८० हजारांच्या आसपास बँक खाती गोठवली, आणि एकट्या पॅरिसमध्ये ३८ हजार घरं रिकामी केली. त्यात तुमच्या सासूबाईंसारखी दोन खोल्यांची घरं अगणित होती. तेव्हा क्लेम करायचा तो याच सामानाचा, आणि त्यात कमीपणा वाटायचं काहीही कारण नाही.

दुसरी गोष्ट, तुमच्याकडे कागद नाहीत म्हणून तुम्ही घाबरलाय. कागद तुमच्याकडे असणार नाहीतच, ते चोरणाऱ्याच्या दफ्तरात आहेत. ही लूट गुंडांनी रात्री दार फोडून केलेली नव्हती, ती कायदे करून, अर्ज भरून, शिक्के मारून केली आणि प्रत्येक टप्प्याला कुणीतरी सही केली. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन हुकूम निघाला की ज्यूंनी नावं नोंदवायची आणि दुकानावर ज्यू दुकान असा बोर्ड लावायचा, ऑक्टोबरमध्ये दुसरा हुकूम की धंद्यांची नोंद करायची आणि त्यावर ज्यू नसलेला प्रशासक बसणार. मार्च १९४१ मध्ये विशी सरकारने, म्हणजे जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारने, ज्यूंच्या प्रश्नासाठी स्वतःचं वेगळं खातंच काढलं आणि २२ जुलै १९४१ च्या फ्रेंच कायद्याने हाच प्रकार अख्ख्या देशाला लावला. हे मुद्दाम सांगतोय कारण अजूनही पुष्कळांना वाटतं की सगळं जर्मनांनी केलं, पण तुमच्या फाईलमधले बरेचसे कागद फ्रेंच कारकुनाने फ्रेंचमध्ये टाईप केलेले असणार आहेत.

आता त्या फाईलबद्दल जरा सविस्तर, कारण खरा ऐवज तिथे असतो. फ्रान्सच्या राष्ट्रीय अर्काइव्हमध्ये एजे ३८ नावाची मालिका आहे, त्यात त्या ज्यू खात्याचं दफ्तर आहे आणि धंद्यांच्या फाइली नावानिशी लावलेल्या आहेत. छोट्या शिंप्याची फाईल उघडली की आधी प्रशासकाच्या नेमणुकीचं पत्र असतं, मग त्याचा रिपोर्ट. पत्ता, कितवा मजला, मालक कुठला, कामाला कोण, मशीन किती, मालकीचं की भाड्याचं, कटिंगचं टेबल, इस्त्री, आरसा, कापडाचा शिल्लक माल, आणि शेवटी त्याचं मत की हा धंदा विकण्यासारखा आहे का नुसता बंद करायचा. मोठं दुकान असलं तर ते विकायचे, घरगुती वर्कशॉप असलं तर बंद करून व्यापार नोंदणीतून नाव खोडायचे, मशीन विकून टाकायचे. पुढे प्रशासकाच्या फीचं बिल, कारण त्याची फी त्याच धंद्याच्या पैशातून जायची, आणि गरीब शिंप्याच्या बाबतीत कित्येकदा मशीन विकून आलेले पैसे फीलाही पुरायचे नाहीत. विक्रीतून जे उरायचं ते सरकारी ठेव बँकेत मालकाच्या नावाने जमा, पण मालकाला हात लावता यायचा नाही, आणि त्यातलेही सुरुवातीला १० टक्के त्या ज्यू खात्याच्या खर्चासाठी कापून घ्यायचे. म्हणजे ज्या यंत्रणेने माणसाला लुटलं तिचा पगारही त्यानेच भरला. मी अशा फाइली पुष्कळ पाहिल्यात आणि या कपातीच्या ओळीशी आलो की अजूनही वाचणं थांबतं माझं.

शोधताना सगळ्यात जास्त वेळ आडनावात जातो. पोलिश आडनाव फ्रेंच कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, एकाच फाईलमध्ये तीन तऱ्हेने असतं, कधी नाव आणि आडनाव उलटंपालटं असतं, बायकोच्या माहेरच्या नावाने धंदा असेल तर फाईल तिकडेच लागलेली असते. त्यामुळे एका स्पेलिंगने नाही सापडलं तर नाहीये असं समजायचं नाही, पत्त्यावरून शोधायचं. आणि सासूबाईंचे वडील स्वतःच्या नावाने धंदा नोंदवून नसतील, दुसऱ्या दुकानाचं काम पीसवर घरी आणून करत असतील, जे तिथे फार चालायचं, तर त्यांच्या नावाची धंद्याची फाईल नसेलही. तरी काही बिघडत नाही, मग ते मशीन घरसामानाच्या क्लेममध्ये धरायचं.

घरसामानाचं काय झालं ते कळायला १६ आणि १७ जुलै १९४२ च्या धरपकडीच्या सूचना वाचायला हव्यात. फ्रेंच पोलिसांना लेखी सांगितलं होतं की माणसं नेताना गॅस, वीज, पाणी बंद करायचं आणि घराची किल्ली इमारतीच्या राखणदाराकडे द्यायची. त्या दोन दिवसांत १३ हजारांच्या वर माणसं नेली. आणि त्याच वर्षी जर्मनांची फर्निचर मोहीम सुरू झाली होती, म्हणजे मालक गेलेलं घर हेरायचं, सील करायचं आणि पॅरिसमधल्याच सामान वाहणाऱ्या कंपन्यांचे ट्रक आणून रिकामं करायचं. जर्मनीत बॉम्बहल्ल्यात घरं गेलेल्या कुटुंबांना ते सामान पाठवायचे. मोहिमेच्या स्वतःच्याच रिपोर्टात फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड वगैरे मिळून सुमारे ७० हजार घरं, जवळपास २७ हजार वॅगन आणि ६७४ रेल्वेगाड्या असा हिशेब लिहिलाय. पॅरिसमध्ये लेव्हितां नावाचं फर्निचरचं मोठं दुकान होतं, तेसुद्धा ज्यू मालकाचंच, तिथे जुलै १९४३ पासून पॅरिसजवळच्या द्रांसी छावणीतल्या ज्यू कैद्यांना आणून ठेवलं आणि ट्रकमधून आलेलं सामान त्यांच्याकडून निवडून घेतलं, चादरी एकीकडे, काचसामान एकीकडे, खेळणी एकीकडे. काहींच्या हातात स्वतःच्याच घरच्या, नात्यातल्या वस्तू आल्या. तिथले फोटो जर्मनीत कोब्लेन्झच्या अर्काइव्हमध्ये आहेत आणि त्यात रॅकवर मांडलेल्या बश्या, घड्याळं, पलंग दिसतात. ज्या कुणाला वाटतं की साध्या घरात लुटण्यासारखं काय होतं त्याने ते फोटो एकदा बघावेत.

या मोहिमेत घरागणिक याद्या हाताशी येतील अशी आशा ठेवू नका, तिथे कागद विरळ आहेत. पण दुसरीकडून रस्ता आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीने कायदा केला की जो माल जर्मनीत नेला गेला त्याची भरपाई देऊ, आणि फ्रान्समधल्या हजारो कुटुंबांनी तेव्हा अर्ज केले. त्या अर्जांना खोलीवार याद्या जोडलेल्या असतात, जेवणाचं टेबल, सहा खुर्च्या, दोन पिसांच्या रजया, चांदीचे मेणबत्तीचे स्टँड, शिलाई मशीन, आणि सोबत राखणदारीण बाईचा किंवा शेजाऱ्याचा जबाब की हो, अमुक साली ट्रक आला आणि सगळं घेऊन गेला. सासूबाई तेव्हा विशीतल्या असतील, त्यांनी स्वतः केला नसेल पण एखाद्या काकाने, मावशीने केला असू शकतो, घरात विचारा. हे दोन कारणांनी महत्त्वाचं आहे, एक म्हणजे अर्ज असला तर आयता पुरावा मिळतो, आणि दुसरं म्हणजे तेव्हा पैसे मिळाले असतील तर आताची भरपाई ठरवताना ते धरले जातात, बर्लिनच्या अर्काइव्हमध्ये हे तपासलं जातं, म्हणून मिळाले असतील तर लपवू नका.

तिसरी जागा द्रांसी. त्या धरपकडीत मुलांसकट सापडलेल्या कुटुंबांना वेलोड्रोममध्ये, म्हणजे सायकल शर्यतींच्या स्टेडियममध्ये, आणि मग पिथिव्हिए नाहीतर बोन-ला-रोलांदच्या छावणीत नेलं, मूल सोबत नसलेल्यांना थेट द्रांसीला. म्हणजे तुमच्या केसमध्ये बहुधा द्रांसी. तिथे आल्याबरोबर झडती व्हायची, रोख रक्कम आणि दागिने काढून घ्यायचे आणि पावती फाडायचे. त्या पावतीपुस्तकांची स्थळप्रत उरली आहे, पॅरिसच्या शोआ (ज्यू हत्याकांड) स्मारकात आहे, त्यावर नाव, पत्ता आणि किती फ्रँक घेतले ते असतं. सासूबाईंना कदाचित पैशापेक्षा तो कागद जास्त हवासा वाटेल, आईवडिलांबद्दल तारीखवार असं बाकी फारसं कुठे सापडत नाही. कुठल्या गाडीने कुठे नेलं त्या याद्याही तिथेच मिळतात, तुमच्या केसचा पाया तोच. घरमालकाच्या भाड्याच्या, टॅक्सच्या नोंदी आणि व्यापार नोंदणी पॅरिस शहराच्या अर्काइव्हमध्ये, युद्धानंतर लोकांनी केलेल्या नुकसानीच्या नोंदी परराष्ट्र खात्याच्या ला कुर्नव्हच्या दफ्तरात. युद्धकाळातले बहुतेक कागद डिसेंबर २०१५ पासून सगळ्यांना खुले केलेत त्यामुळे आता खास परवानगीच्या खेपा घालाव्या लागत नाहीत.

आता पैसे कोण देणार. मधली गोष्ट थोडक्यात सांगतो. युद्ध संपता संपता, एप्रिल १९४५ मध्ये फ्रान्सने अशा सगळ्या विक्र्या रद्दबातल ठरवल्या, १९४८ च्या कायद्याने कापून घेतलेल्या रकमा परत द्यायचं ठरलं, आणि जे स्वतः जिवंत होते, ज्यांना फ्रेंच लिहिता येत होतं, वकील करता येत होता त्यांनी बऱ्यापैकी परत मिळवलं. पण ज्या घरातले मोठे सगळे मारले गेले आणि मागे एक लहान पोर उरलं तिथे मागायला होतं कोण? भाड्याच्या घरात तर दुसरा भाडेकरू राहायला आलेला, आणि तो स्वतः युद्धात बेघर झालेला असेल तर कायदा त्यालाच सांभाळून घ्यायचा. मग जवळपास ५० वर्षं शांतता. १६ जुलै १९९५ ला राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी पहिल्यांदा उघड म्हटलं की या गुन्ह्याला फ्रेंच राज्याने साथ दिली, १९९७ मध्ये मातेओली आयोग नेमला, त्याने बँका, विमा, छावण्या, दुकानं सगळं तपासून २००० मध्ये रिपोर्ट दिला. रिपोर्ट यायच्या आधीच, सप्टेंबर १९९९ मध्ये, पंतप्रधानांच्या हाताखाली भरपाई आयोग काढला. सगळे त्याला सीआयव्हीएस म्हणतात, मधे नाव थोडं बदललंय पण काम तेच. अर्ज इथेच करायचा.

हा आयोग कोर्ट नाही आणि हे तुमच्या फायद्याचं आहे. फी नाही, वकील लागत नाही, राष्ट्रीयत्वाची अट नाही, लूट फ्रान्समध्ये त्या कायद्यांमुळे झालेली असली की झालं, आणि घरसामान, धंदा यांच्या अर्जाला शेवटची तारीख ठेवलेली नाही. पुराव्याचं ओझंही तुमच्यावर टाकत नाहीत, तुम्ही फॉर्ममध्ये माहीत असेल ते लिहायचं, मग आयोगाची माणसं स्वतः अर्काइव्हमध्ये शोधतात, नंतर एक न्यायाधीश पदावरचा माणूस रिपोर्ट लिहितो, तुम्हाला तो दाखवतात, बोलायची संधी देतात आणि मग आयोग पंतप्रधानांना शिफारस करतो. आतापर्यंत अर्धा अब्ज युरोच्या वर रकमेच्या शिफारशी झाल्या आहेत. बँक खात्यांसाठी २००१ मध्ये अमेरिकेशी झालेल्या करारातून वेगळे दोन फंड होते, त्यातला २ कोटी २५ लाख डॉलरचा दुसरा फंड तर ज्यांच्याकडे ठोस पुरावा नाही त्यांना शपथपत्रावर देण्यासाठी होता, पण बँकेच्या क्लेमची मुदत केव्हाच संपली, त्याच्या मागे लागू नका. कुणी टक्केवारी मागून सगळं करून देतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, यात पैसे देण्यासारखं काही नाही.

रक्कम कशी ठरते, तर वस्तू गेली तेव्हाची किंमत काढतात आणि ती आजच्या पैशात आणतात. घर किती खोल्यांचं, माणसं किती, धंदा कसला, कापडाचा साठा होता का, यावरून अंदाज बांधतात. भावनिक नुकसान यात धरत नाहीत, त्यामुळे आकडा हातात आल्यावर आईवडिलांची ही किंमत का असं सासूबाईंना वाटू शकतं, आधीच नीट समजावून सांगा की ही मशीनची, पलंगाची, झडतीत घेतलेल्या पैशांची भरपाई आहे, आणखी कशाची नाही. आणखी एक, पैसे वारसांमध्ये वाटले जातात. सासूबाईंना भाऊबहीण असतील किंवा त्यांची मुलं असतील तर त्यांचा वाटा त्यांच्या नावाने राखून ठेवतात, तो तुम्हाला मिळत नाही, पण ते पुढे आले की त्यांना मिळतो. म्हणून अर्जात सगळ्या नातेवाइकांची नावं, जन्मतारखा, शेवटचा माहीत असलेला पत्ता लिहा.

इथे माझं मत सांगतो. नुसत्या सापडलेल्या कागदावर हिशेब केला तर गरिबावर अन्याय होतो, कारण गरिबाच्या घरातलं कुणी लिहूनच ठेवलेलं नसतं. नॉर्वेमध्ये हाच वाद झाला होता, तिथल्या चौकशी समितीत बहुमताने कागदोपत्री नुकसान मोजून छोटा आकडा काढला, दोन सदस्य म्हणाले की अख्खा समाज संपवायचा हेतू होता ते धरूनच मोजलं पाहिजे, आणि सरकारने त्या अल्पमताचं ऐकलं, १९९९ मध्ये संसदेने ४५ कोटी क्रोनर मंजूर केले. मला ते बरोबर वाटतं. फ्रान्समध्ये केस केसनुसार बघतात, म्हणून तुमची केस जितकी भरीव मांडाल तितकं बरं.

पेंटिंग्जबद्दल थोडंच, कारण तुम्ही उल्लेख केलात. युद्धानंतर जर्मनीतून सुमारे ६१ हजार कलाकृती फ्रान्सला परत आल्या, ४५ हजार मालकांना दिल्या, दोन हजारांच्या आसपास अजून म्युझियममध्ये मालकाची वाट बघताहेत. रोझ व्हॅलां या म्युझियममधल्या बाईंनी जर्मनांच्या नाकाखाली कुठलं चित्र कुठे चाललंय याच्या नोंदी ठेवल्या म्हणून त्यातलं कितीतरी सापडलं. पण घाई केली की काय होतं त्याचंही उदाहरण चित्रांमध्येच आहे. व्हिएन्नाच्या नोरा स्टियास्नी यांना १९३८ मध्ये क्लिम्टचं एक झाडांचं चित्र मातीमोल किमतीत विकावं लागलं, पुढे त्यांना मारलं. ऑस्ट्रियाने २००१ मध्ये त्यांच्या वारसांना क्लिम्टचं सफरचंदाच्या झाडाचं चित्र परत दिलं आणि नंतर कळलं की ते चित्र त्यांचं नव्हतंच, त्यांचं गुलाबांचं चित्र पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये होतं. ते द्यायला फ्रान्सला फेब्रुवारी २०२२ मध्ये खास कायदा करावा लागला, २०२३ पासून प्रत्येक वेळी नवा कायदा लागत नाही. तेव्हा तुमच्या केसमध्येही ११व्या वॉर्डात त्याच नावाचा दुसरा शिंपी निघाला, आणि तो निघतोच, तर जन्मतारीख आणि जन्मगाव जुळल्याशिवाय फाईल आपली समजू नका.

पोलंडमधल्या वडिलोपार्जित घराबद्दल तुम्ही विचारलंय, तिथे मी आशा दाखवणार नाही. पोलंडने खाजगी मालमत्ता परत करण्याचा सर्वसमावेशक कायदा कधी केलाच नाही आणि २०२१ च्या दुरुस्तीने ३० वर्षांपूर्वीच्या सरकारी निर्णयांना आव्हान द्यायचा रस्ताही बंद केला. ती ताकद पॅरिसच्या क्लेमवर लावा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत पण सगळ्यात आधी तीच बघा. जुलै २००० च्या फ्रेंच आदेशाप्रमाणे, आई किंवा वडील ज्यू म्हणून फ्रान्समधून नेले जाऊन मेले आणि मूल तेव्हा २१ वर्षांखाली होतं, तर त्या मुलाला आयुष्यभर दरमहा रक्कम किंवा एकरकमी २७,४४० युरो मिळतात. याचा मालमत्तेशी संबंध नाही, अर्ज वेगळा, पण सासूबाई यात बसतात असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. जर्मनीकडून त्याच कारणासाठी दरमहा काही मिळत असेल तर मात्र हे मिळत नाही. इस्रायलमध्ये पुष्कळ जणांनी हा अर्ज केलाय, पण अशा घरात सून म्हणून गेलेल्या तुमच्यासारख्या मराठी बायकांपर्यंत ही माहिती पोचत नाही, म्हणून लिहिलं.

आता या आठवड्यात सासूबाईंजवळ बसा आणि फोन रेकॉर्डिंगला लावून त्यांना घराचा नकाशा काढायला सांगा, दार कुठे, मशीन कुठे, पलंग किती, भांडी कशाची, खाली राखणदारीण होती का, वडिलांचं काम कुठल्या दुकानाकडून यायचं. त्यांना लहानपणीचं आठवत नसलं तरी पुढे मावशी काय सांगायच्या ते आठवेल. जन्मदाखला, आईवडिलांच्या लग्नाची नोंद असेल तर ती, आणि त्या फोटोच्या मागची बाजूसुद्धा स्कॅन करा, मागे स्टुडिओचा शिक्का आणि पत्ता असतो आणि त्यावरून निदान वस्ती पक्की करता येते. आडनाव पोलिशमध्ये कसं लिहायचे, आजीचं माहेरचं नाव आणि दोघांची जन्मगावं मला कळवा, म्हणजे एजे ३८ मध्ये कुठल्या कुठल्या स्पेलिंगने शोधायचं त्याची यादी करून देतो.